टोपीची रेघ

ढोमणे सर म्हणायचे,
पडलेल्याला मग विचारा,
आधी जखमेला विचारा.
आणि डोक्यावर नसलेली टोपी
दोन्ही हातांनी नीट बसवून दाखवायचे:
ही रेघ. भुवयांवरून, कानांवरून, मागच्या उंचवट्यापाशी.
जमीन माणसाला भेटते ती बहुतेक रेघेच्या खाली.
रेघेच्या वर भेटतं
ते बहुतेक दुसरंच काही.

मेडिकलच्या कॅज्युअल्टीत माझं हे चौदावं वर्ष.
आता मला महिने डोक्यांवरून कळतात.

संक्रांतीला गच्चीवरची पोरं.
मान आभाळात, पाय कठड्याबाहेर,
बाप चक्री तशीच काखेत घेऊन धावत आलेला,
कुठं ठेवावी ते त्याला कळत नाही.

एप्रिलच्या शेवटी देवलापारकडून सुगंधा उईके.
चारं तोडायला चढली होती, फांदी वाळकी निघाली.
मानेचा पाचवा मणका सहाव्यावर सरकलेला,
किती, तर तांदळाच्या दाण्याएवढा.
डोक्यावर ओरखडाही नाही.
छताकडं बघत तिनं विचारलं,
माहे पाय कुठी गेले जी?

मे म्हणजे कूलर.
अर्धं नागपूर बादली घेऊन स्टुलावर.
ओली फरशी, आधी तळवे, मग हनुवटी.
हनुवटीला तीन टाके घालून घरी जाऊ नका म्हणते मी,
तोंड उघडून दाखवा.
कानापुढचे जबड्याचे खुंट दोन्हीकडं मोडलेले असतात.
मार एकीकडं, मोड दुसरीकडं.

वर्धा रोडच्या परातीवरून रज्जाकभाई रंगारी मागं पडले.
सूज मेंदूच्या पुढच्या भागाला.
कवटी थांबते तेव्हा मेंदू थांबत नाही,
तो आत अजून थोडा पडत राहतो.
केसांतला पिस्ता रंग आठवडाभर निघाला नाही.

महालातले शेंद्रे आजोबा
पहाटे न्हाणीत घसरले, हसत उठले,
काही नाही झालं म्हणाले, पोहे खाल्ले.
तीन आठवड्यांनी सुनेला
आईच्या नावानं हाक मारायला लागले,
तेव्हा आणलं.

आणि बाळं. त्यांचं डोकंच जड,
खाटेवरून पडलं की तेच पुढं जातं,
आई मात्र सगळा वेळ स्वतःच्याच कपाळावर मारत असते.

सतरा जानेवारी, रात्री दीड.
शेकोटीचा वास कपड्यांना घेऊन आलेले दोघं.
निमा, वय सव्वीस. नाव नवऱ्यानं सांगितलं. वयही.
डावीकडं, कानाच्या तीन बोटं वर, फाटलेलं.
हाताला कोपरापासून बाहेरच्या बाजूनं निळं.
तळवे कोरे. वाणाची मेंदी अजून लाल.

स्टुलावरून पडली, तो म्हणाला.
कूलरमध्ये पाणी टाकत होती.

माकडटोपीतल्या वॉर्डबॉयनं माझ्याकडं पाहिलं.
मी त्याच्याकडं पाहिलं नाही.
बाहेर पारा आठवर होता.

फॉर्मवर एक रकाना असतो: किती उंचीवरून.
मी त्याला विचारलं, तुमची उंची किती?
पाच सात, म्हणाला. आणि मग, काऊन?

त्याला केसपेपरच्या खिडकीवर पाठवलं.
रांग होती, नशीब.
पट्टीचे वेढे देत गेले,
भुवयांवरून, कानांवरून, मागच्या उंचवट्यापाशी,
सरांचे हात दिसत होते मला.
विचारलं काहीच नाही.

चौथ्या वेढ्याला ती स्वतःच बोलली,
समोरच्या सलाइनच्या स्टँडला सांगावं तसं:

कूलर तं दिवाळीतच ताडपत्रीत बांधला मॅडम.
मीच बांधला.